वहीतील शेवटची नोंद

बँकेच्या छत्तीस वर्षांच्या सेवेत माझ्या अकरा बदल्या झाल्या. प्रत्येक गावी निरोपसमारंभ झाला. शाल-श्रीफळ, चार भाषणे, आणि एखाद्या जुन्या खातेदाराचे भरून आलेले डोळे. दर वेळी शाखा तिथेच राहिली, लोक तिथेच राहिले. निघून गेलो तो मी. परंतु जिथे माणसे तिथेच राहतात आणि पेढीच गाव सोडून जाते, असा निरोप मी प्रथम पाहिला तो सातासमुद्रापार, बेसबॉलच्या एका मैदानावर.

माझे चिरंजीव नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे राहतात. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मी व सौ. त्यांच्याकडे गेलो होतो. २६ सप्टेंबर हा गुरुवार, म्हणजे कामाचा दिवस, तरी चिरंजीवांनी रजा टाकली आणि म्हणाले, “बाबा, आज माझ्यासोबत चला. आज आमचा शेवटचा सामना आहे.” त्या ‘आमचा’ शब्दाचे मला नवल वाटले. बार्ट रेल्वेने आम्ही ओकलंडच्या कोलिझियम स्थानकावर उतरलो. तेथून मैदानाकडे जाणाऱ्या पादचारी पुलावर हिरव्या-पिवळ्या पोशाखातील माणसांची एवढी दाटी होती, की यात्रेची आठवण व्हावी.

वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. अ‍ॅथलेटिक्स हा संघ १९०१ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाला, १९५५ मध्ये कॅन्सस सिटीस गेला आणि १९६८ मध्ये ओकलंडला आला. १९७२, १९७३ व १९७४ अशी सलग तीन वर्षे आणि पुन्हा १९८९ मध्ये त्याने अमेरिकेचे अजिंक्यपद मिळविले. २००२ मध्ये तुटपुंज्या खर्चात, आकडेशास्त्राच्या आधारे खेळाडू निवडून या संघाने सलग वीस सामने जिंकले. ‘मनीबॉल’ हे पुस्तक व चित्रपट त्याच कथेवर आहे. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने आवर्जून पाहावा असा तो धडा आहे. मात्र पुढे मैदान जुने झाले, नव्या मैदानाच्या वाटाघाटी फिसकटल्या आणि मालकांनी संघ लास व्हेगासला नेण्याचे ठरविले. नोव्हेंबर २०२३ मध्ये इतर संघमालकांनी त्यास एकमताने मान्यता दिली. नवे मैदान तयार होईपर्यंतचा मुक्काम सॅक्रामेंटोजवळ.

चाहते मुकाट्याने बसले नव्हते. १३ जून २०२३ रोजी त्यांनी एक आगळा निषेध केला. आपल्याकडे निषेध म्हणजे बहिष्कार. त्यांनी नेमके उलट केले. एरवी ओस पडणाऱ्या त्या मैदानात २७,७५९ लोक जमले. ‘विका’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द छापलेले हिरवे सदरे घालून त्यांनी मालकांना सांगितले की, गिऱ्हाईक गेलेले नाही. तुम्हाला दुकान चालवायचे नसेल तर दुसऱ्याला द्या. त्या दिवशी संघ जिंकला, परंतु निर्णय बदलला नाही.

आमच्या जागेवर पोहोचलो तेव्हा शेजारी सत्तरीच्या पुढच्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर वही, हातात पेन्सिल. चिरंजीवांना पाहताच त्यांनी पिशवीतून दोन संत्री काढून दिली. अकरा वर्षे चिरंजीवांची हंगामी तिकिटे त्यांच्या शेजारची होती. बेसबॉलच्या एका हंगामात १६२ सामने असतात आणि त्यातील ८१ घरच्या मैदानावर. त्यातील निम्मे पाहिले तरी वर्षातून चाळीस वेळा तेच चेहरे शेजारी असतात. इतक्या वेळा आपण सख्ख्या भावालाही भेटत नाही! आमची नात झाली तेव्हा या बाईंनी स्वतः विणलेली टोपी दिली होती, हे मला त्या दिवशी कळले.

त्या वहीत त्या प्रत्येक चेंडूची नोंद करीत होत्या. मी कुतूहलाने डोकावलो, तेव्हा त्यांनी मला पद्धत समजावून दिली. मैदानातील प्रत्येक जागेला एक अंक असतो: गोलंदाज १, पहिल्या बेसवरचा ३, तिसऱ्या बेसवरचा ५. कोणी कोणाकडे चेंडू फेकून फलंदाज बाद केला, ते दोन अंकांत लिहावयाचे. एक डाव त्यांनी मला लिहू दिला. माझे अक्षर पाहून त्या म्हणाल्या, “तुम्ही हिशेबाचे काम केलेले दिसते.” मी मान डोलावली. आयुष्यभर रोजकीर्द लिहिलेल्या माणसाला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

त्या दिवशी ४६,८८९ लोक आले होते. ओकलंडमध्येच वाढलेले थोर खेळाडू रिकी हेंडरसन यांनी आरंभीचा मानाचा चेंडू फेकला. (त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ते निवर्तले.) सामना टेक्सास रेंजर्सशी होता. अखेरच्या डावात ओकलंड ३-२ असे पुढे होते. शेवटच्या फलंदाजाने मारलेला चेंडू तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूने उचलून पहिल्या बेसकडे फेकला आणि सामना संपला. बाईंनी ‘५-३’ लिहिले, खाली रेघ ओढली आणि वही मिटली.

संघ जिंकला होता, पण कोणी जागचे हलेना. व्यवस्थापक मार्क कॉट्से यांनी मैदानावर येऊन लोकांचे आभार मानले व शेवटचा जयघोष केला. मैदानाची निगा राखणारे कर्मचारी पेल्यांत माती भरून लोकांना देत होते. माझ्या मागे एक धिप्पाड गृहस्थ आपल्या वृद्ध वडिलांचा हात धरून निःशब्द उभे होते.

मग मी एक गोष्ट पाहिली, ती अजून मनातून जात नाही. चिरंजीवांनी खिशातून फोन काढला आणि बाईंना विचारले, “तुमचा नंबर देता का? आणि आडनाव?” अकरा वर्षांत दोघांनाही एकमेकांचे आडनाव ठाऊक नव्हते. त्याची गरजच पडली नव्हती. ती खुर्ची हाच त्यांचा पत्ता होता. बाईंनी वहीच्या मागच्या पानावर नाव लिहून दिले, मग तेच पान फाडून चिरंजीवांच्या हातात ठेवले. त्याच्या पाठपोट एका जुन्या सामन्याची नोंद होती.

परतताना गाडीत मला वाणिज्यशास्त्रातील एक नियम आठवला. दुसऱ्याकडून विकत घेतलेला नावलौकिक ताळेबंदात दाखविता येतो. स्वतः कमावलेला दाखविता येत नाही. आपल्यापैकी ज्यांनी पिढीजात दुकान पेठेतून हमरस्त्यावर नेले आहे, त्यांना याचा अर्थ सांगावयास नको. माल हलतो, फर्निचर हलते, पाटीही हलते. सकाळी पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचणारा जुना गिऱ्हाईक मात्र कोणत्याच यादीत नसतो. म्हणून हलविण्याआधी त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, एवढे आपल्या हाती असते.

२०२४ पासून ओकलंडमध्ये बॉलर्स नावाचा एक लहान संघ रायमोंडी पार्कवर खेळू लागला आहे. सामान्य चाहत्यांनाही त्यात भागीदार होता येते. गेल्या उन्हाळ्यात चिरंजीवांचा एक फोटो आला. लाकडी बाकावर ते, नात आणि मध्ये त्या बाई. मांडीवर नवी वही होती. पेन्सिल मात्र नातीच्या हातात होती.