लॅपटॉप केवढ्याला पडला?

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

घरात एखादी नवी वस्तू आली की शेजारपाजारचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "केवढ्याला पडली?" 'केवढ्याला घेतली' असे सहसा कोणी विचारीत नाही. घेतल्याची किंमत चिठ्ठीवर छापलेली असते. पडल्याची किंमत घरी येऊन, हिशेबाची वही पुढे ओढून काढावी लागते. या दोहोंत किती अंतर असू शकते, याचा अनुभव मला गेल्या वर्षी लॅपटॉप घेताना आला. प्रस्तुत लेखात तो हिशेब जसा झाला तसा मांडीत आहे. पुढेमागे ज्यांना ही खरेदी करावयाची आहे, त्यांना त्यातील काही आकडेमोड उपयोगी पडावी.

आमचे बिऱ्हाड वांद्रे पूर्वेला आहे. आमच्या इमारतीत वीस बायकांची भिशी चालते. दर महिन्याला प्रत्येकीचे २,५०० रुपये, म्हणजे एकीच्या हाती एकदम ५०,०००. आईचा नंबर चौदावा होता, आणि ते पन्नास हजार माझ्या लॅपटॉपसाठी असे घरात ठरलेले होते. त्यापलीकडे एक रुपयाही नाही, हेही तितकेच ठरलेले होते. तोवर माझे प्रकल्प मोबाईलवर लिहून स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे छापायला जात. मोबाईलवर वीस पानांचा निबंध तळटीपांसह लिहिणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

दादा आणि मी प्रथम पश्चिमेला, लिंकिंग रोडच्या बाजूच्या एका मोठ्या दुकानात गेलो. दुकान वातानुकूलित, विक्रेता अतिशय नम्र. आम्ही पसंत केलेल्या यंत्रावर ४६,९९० चा आकडा होता. आम्हांला हायसे वाटले, वर ३,०१० रुपये उरत होते! मग त्या गृहस्थांनी "मॅडम, नुसतं मशीन घेऊन कसं चालेल?" असे म्हणून एक कागद पुढे घेतला. जादा रॅमची पट्टी ५,६००, वाढीव वॉरंटी ४,४९९, अँटिव्हायरस १,४९९, ऑफिसची वार्षिक वर्गणी ४,८९९, माऊस ५९९, पडद्यावरचा कागद ४९९. बेरीज ६४,५८५ झाली. दादाने ती दोनदा करून पाहिली. आम्ही पाणी पिऊन बाहेर पडलो.

तो कागद मात्र मी मागून घेतला, आणि पुढचा आठवडाभर तोच माझे पाठ्यपुस्तक झाला. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावयाचा : हे आज लागणार आहे काय, आणि आज न घेतल्यास पुढे घेता येईल काय?

रॅमपासून सुरुवात करू. आपण काम करताना यंत्र ज्या फळीवर वस्तू मांडून बसते ती फळी म्हणजे रॅम. आणि एसएसडी म्हणजे कपाट. कपाट कितीही मोठे असो, फळी लहान असेल तर स्वयंपाक अडखळतो. लेखन, वाचन, नकाशे, ब्राउझरची दहाबारा पाने आणि आकडेवारीचे तक्ते एवढ्यासाठी ८ जीबीची फळी आज भागते. १६ असेल तर बरे. पण खरा मुद्दा निराळाच आहे. काही लॅपटॉपमध्ये रॅमच्या पट्टीसाठी रिकामी खाच असते, तर काहींत रॅम मुख्य पट्टावर डाक देऊन कायमची बसवलेली असते. पहिल्या प्रकारात आज ८ घेऊन दोन वर्षांनी आणखी ८ घालता येतात. दुसऱ्या प्रकारात जे काय ठरवायचे ते दुकानातच ठरवावे लागते. बीकेसीत १८ एप्रिल २०२३ रोजी ॲपलचे भारतातील पहिले स्वतःचे दुकान उघडले. आम्ही तेही पाहून आलो (पाहण्याला पैसे पडत नाहीत). तिथले लॅपटॉप दुसऱ्या प्रकारचे. त्यामुळे रॅमची एकेक पायरी चढताना किंमतही दणदणीत चढते, आणि ती पायरी नंतर चढता येत नाही. तेव्हा रॅम किती, याच्या आधी 'खाच आहे काय?' हे विचारावे. आमच्या यंत्राला एक खाच रिकामी होती. शिवाय २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत जगभर मेमरीचे भाव चढले; कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य केंद्रांनी कारखान्यांचा बराच माल उचलला, आणि त्याची झळ आपल्यासारख्या गिऱ्हाइकांपर्यंत आली. भाव चढलेला असताना आणि खाच मोकळी असताना थांबण्यात नुकसान नव्हते. ५,६०० वजा.

कपाटाबद्दल एक गंमत सांगून पुढे जाते. ५१२ जीबीचा लॅपटॉप घरी आणून उघडला की विंडोज ४७६ जीबीच दाखवते, आणि आपल्याला फसवल्याची शंका येते. प्रत्यक्षात बनवणारे १,००० च्या पटीने मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीने. शेर आणि किलो यांतला झगडा आहे, चोरी नव्हे.

अँटिव्हायरस : विंडोजमध्ये तो मुळातच असतो. १,४९९ वजा. ऑफिसची वर्गणी : लिब्रे ऑफिस फुकट मिळते आणि आपल्या कामाला पुरते, पुष्कळ नव्या लॅपटॉपांबरोबर मायक्रोसॉफ्टचे ऑफिस आलेलेही असते, फक्त खोक्यावर वाचावे लागते. तेही ४,८९९ वजा. मराठी टायपिंगसाठी म्हणून वेगळे सॉफ्टवेअर विकणारेही भेटतात. ते घेऊ नये. इनस्क्रिप्ट हा कळफलक १९८६ साली भारतीय भाषांसाठी प्रमाण म्हणून आखला गेला आणि तो आजच्या प्रत्येक विंडोजमध्ये व लिनक्समध्ये विनामूल्य असतो. शिकायला पंधरा दिवस लागतात. मला वीस लागले.

वाढीव वॉरंटीवर घरात खरी चर्चा झाली. बाबांचे मत, "घेऊन टाका, मनाला शांतता." अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला मनाच्या शांततेचीही किंमत काढता यायला हवी. समजा, मुख्य पट्टा बिघडला तर दुरुस्तीला १५,००० लागतील. त्यासाठी आज ४,४९९ भरणे म्हणजे, पट्टा बिघडण्याची शक्यता सुमारे ३० टक्के आहे असे मान्य करणे. दर तीन यंत्रांतले जवळजवळ एक वॉरंटी संपल्यावर दोन वर्षांत बिघडते, असे असते तर ते यंत्र घ्यावेच कशाला? शिवाय चहा सांडणे आणि हातातून पडणे, जे आमच्या घरात होण्याचा खराखुरा संभव आहे, ते या वॉरंटीत बसत नव्हते. त्याची योजना वेगळी, पैसे वेगळे. मात्र ज्याला पंधरा हजारांचा फटका एकदम बसला तर शिक्षणच अडेल, त्याचे गणित वेगळे होईल, हे मला मान्य आहे. आम्ही ४,४९९ वजा केले. बाबा अजून नाराज आहेत.

आता लॅमिंग्टन रोडकडे वळू. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ग्रँट रोडला उतरून हे नाव घेतले तर रस्ता सांगणारा क्षणभर थबकतो. संगणकाच्या सुट्या भागांची ही मुंबईतली जुनी पेठ. तेथे एका गाळ्यात तेच यंत्र, त्याच क्रमांकाचे, ३८,००० ला मिळेल असे कळले. म्हणजे जवळजवळ नऊ हजार स्वस्त! दादा तर पाकीट काढायला निघाला. मी विचारले, "जीएसटी धरून?" उत्तर आले, "प्लस जीएसटी, ताई."

येथे थोडे थांबून हे गणित पाहण्यासारखे आहे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. आपल्याच राज्यात घेतला तर ९ केंद्राचा व ९ राज्याचा. ३८,००० वर १८ टक्के म्हणजे ६,८४०, एकूण ४४,८४०. नऊ हजारांचा फरक २,१५० वर आला. खोक्यावरील छापील कमाल किंमतीत कर धरलेला असतो, तोंडी सांगितलेल्या भावात तो असेलच असे नाही. दोन भाव ताडून पाहताना दोन्ही एकाच पायावर आणून पाहावे. उलटे गणितही पुष्कळजण चुकतात. कर धरून ५०,००० किंमत असेल तर त्यातला कर ९,००० नसतो. ५०,००० ला १.१८ ने भागून मूळ किंमत ४२,३७३ येते आणि कर ७,६२७.

त्याच गाळ्यात नंतर हळू आवाजात "बिल नको असेल तर चाळीसला देतो" असेही सांगण्यात आले. चार हजार आठशे चाळीस रुपये वाचत होते; आईच्या भिशीचे जवळजवळ दोन हप्ते! मोह झाला नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. पण यंत्र बिघडून आपण सेवाकेंद्रात गेलो की पहिला कागद मागतात तो बिलाचा. बिल नाही म्हणजे वर्षभराची वॉरंटी आपणच पाण्यात टाकली. शिवाय कर चुकवणे हे चुकवणेच. प्राध्यापकांनी हा लेख वाचावयाचा आहे म्हणून नव्हे, खरोखरच. आम्ही शेजारच्या दुसऱ्या दुकानातून, पक्क्या बिलासह, घासाघीस करून ४४,५०० ला सौदा ठरवला आणि पैशांसाठी मुदत मागितली.

जुना लॅपटॉप का नको, असेही काहींनी सुचवले. अठरा हजारांत 'आय फाइव्ह' मिळत होता, आणि नव्यात आम्ही पाहिलेला 'आय थ्री'. नावात पाच असले म्हणजे तीनहून सरस, असे समजणे साहजिक आहे. पण ते वर्गातल्या नंबरासारखे आहे, कोणत्या इयत्तेतला हे कळल्याशिवाय अर्थ नाही. २०१३ च्या आय५-४२०० यू मध्ये २ गाभे आहेत. २०२२ च्या आय३-१२१५ यू मध्ये ६. आडव्या रेघेनंतरचे पहिले एकदोन आकडे पिढी सांगतात : पहिला चौथ्या पिढीचा, दुसरा बाराव्या. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. तेव्हा जुना घेणाराने निदान आठवी पिढी तरी पाहून घ्यावी; नाहीतर लिनक्स घालण्याची तयारी ठेवावी, जी मला तरी वाईट वाटत नाही.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. जूनमध्ये वर्ग सुरू झाले आणि भिशीचा चौदावा महिना अजून पाच महिने दूर होता. ओळखीच्या एकाने "बारा टक्क्यांनी" कर्ज सुचवले. ४८,००० वर वर्षाचे ५,७६० व्याज, बारा हप्ते ४,४८० चे. ऐकायला सोपे. पण आपण दरमहा मुद्दल फेडीत असतानाही व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ४८,००० वर चालू राहते! घटत्या शिलकीवर खरोखर बारा टक्के आकारले असते तर हप्ता सुमारे ४,२६५ आणि वर्षाचे व्याज ३,१७७ च्या आसपास आले असते. सरळ बारा टक्के हे घटत्या शिलकीच्या हिशेबाने साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातात. मोठ्या दुकानाच्या 'बिनव्याजी' हप्त्यांतही बँकेचे प्रक्रियाशुल्क आणि व्याजावरचा जीएसटी आत बसलेला असू शकतो, आणि रोखीची सूट हातची जाते ती वेगळीच.

आईने हे सगळे ऐकून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेली. त्यांचा नंबर नववा, त्याच महिन्याचा. त्यांना पैसे दिवाळीनंतर मुलीच्या बाळंतपणाला हवे होते. दोघींनी नंबर बदलून घेतले. मी वहीत मांडून पाहिले : नवव्या महिन्यापर्यंत आईने भरले होते २२,५००, हाती आले ५०,०००. म्हणजे २७,५०० रुपये अकरा महिन्यांत फेडण्याच्या बोलीवर, शून्य व्याजाने, शून्य प्रक्रियाशुल्काने. इतके स्वस्त कर्ज मला कोणत्याही जाहिरातीत दिसलेले नाही. काकूंनी मात्र पाच महिने आपला पैसा थांबवला. तो खर्च कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून मी त्यांच्या नातवाच्या नावापुढे वहीत एक रिकामी ओळ ठेवली आहे.

तर 'केवढ्याला पडला' याचे उत्तर असे : यंत्र ४४,५००, माऊस त्याच रस्त्यावर ३५०, पाच वर्षे चालेल असे धरले तर मध्ये एकदा बॅटरी बदलण्यासाठी ३,५००, आणि वीज. रोज चार तास, सरासरी ३० वॉट म्हणजे वर्षाला साधारण ४४ युनिट; युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाचे ३५०, पाच वर्षांचे १,७५०. बेरीज ५०,१००. साठ महिन्यांनी भागले की महिन्याला ८३५ रुपये. पन्नास हजारांची शिस्त शंभर रुपयांनी मोडली, हे आईच्या लक्षात आले आहे.

बिल आईच्या नावाने केले. ते रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले असते.