चांदमारीपूर्वी रायफलीची नेमजुळणी

हैदराबाद आणि शिकार यांचे नाते जुने आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांची नेमबाज म्हणून मोठी ख्याती होती. शहरालगत वनस्थळीपुरम येथे आज जे महावीर हरिण वनस्थळी उद्यान आहे, ते एके काळी निजामांचे राखीव शिकारीचे रान होते. आता तेथे काळविटांचे कळप निर्भयपणे चरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने छंदाखातर होणाऱ्या शिकारीवर कडक निर्बंध आले आणि रायफलीच्या उपयोगाचे स्वरूपच पालटले.

तरीही रायफलीचे काम सर्वस्वी संपलेले नाही. मराठवाड्याच्या व तेलंगणाच्या सीमेवरील गावांत मका, भुईमूग, सोयाबीन आणि ऊस यांची रानडुकरांकडून होणारी नासाडी सर्वांच्या परिचयाची आहे. एका रात्रीत कळप शेत उलथेपालथे करून जातो. उभ्या पिकाला असा धोका पोहोचत असेल, तर कायद्याच्या कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी विशिष्ट प्राण्यास मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. अशा वेळी परवानाधारक नेमबाजांना पाचारण करण्यात येते. २०१६ मध्ये बिहारमधील मोकामा भागात नीलगायींच्या उपद्रवाच्या निवारणासाठी गेलेले नेमबाज हैदराबादचेच होते.

ज्याच्या हाती असे काम सोपविले जाते, त्याची रायफल अचूक असणे ही केवळ त्याच्या कौशल्याची बाब राहत नाही. चुकलेल्या गोळीने घायाळ झालेले रानडुक्कर वेदनेने तडफडत रानात शिरते आणि दुसऱ्या दिवशी सरपणाला किंवा गवताला गेलेल्या माणसावर उलटते. मोकळी सुटलेली गोळी तर एक किलोमीटरहून कितीतरी दूर जाऊ शकते. तिच्या वाटेत कोण येईल, हे चाप ओढणाऱ्यास ठाऊक नसते. म्हणून रायफलीचा नेम जुळविण्याचे शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन रेषांचा प्रश्न

रायफलीत दोन रेषा असतात. नळीच्या पोकळीच्या मध्यातून जाणारी ती नळीची रेषा. दुर्बिणीतून किंवा मागील खाच व पुढील माशी यांतून लक्ष्याकडे जाणारी ती दृष्टीची रेषा. दुर्बीण नळीच्या वर बसविलेली असल्याने या दोन रेषांत सामान्यतः चार सेंटिमीटरांच्या आसपास अंतर असते.

नवी दुर्बीण बसविली, जुनी काढून पुन्हा लावली किंवा प्रवासात रायफल आपटली, की या दोन रेषांचा मेळ बिघडतो. बिघाड डोळ्यांना दिसतही नाही इतका सूक्ष्म असतो, परंतु अंतराबरोबर तो वाढत जातो. एक अंशाची चूक शंभर मीटरवर पावणेदोन मीटर होते आणि पाव अंशाची चूक सुमारे चव्वेचाळीस सेंटिमीटर. साहजिकच चांदमारीच्या मैदानावर गेल्यावर पहिल्या पाच-सहा गोळ्या लक्ष्याच्या कागदालाही शिवत नाहीत. त्या वर गेल्या की खाली, डावीकडे की उजवीकडे, याचा थांग लागत नाही. परवान्यावर काडतुसांची संख्या ठरलेली असते आणि काडतुसे महाग असतात. ही उधळण टाळण्यासाठी मैदानावर जाण्यापूर्वी, एकही गोळी न झाडता, नळीची व दृष्टीची रेषा एकाच बिंदूवर आणण्याची जी क्रिया करतात, तिला बोअर सायटिंग अथवा नळीतून नेमजुळणी असे म्हणतात.

ही कल्पना तोफखान्यात फार जुनी आहे. तोफेच्या मुखावर दोन दोरे एकमेकांना छेद देतील असे ताणून बांधावयाचे, मागून नळीतून पाहून त्यांचा छेदबिंदू दूरच्या खुणेवर आणावयाचा आणि मग तोफेची दुर्बीण त्याच खुणेवर वळवावयाची, ही ती रीत. हैदराबादेत गोवळकोंड्याजवळ भारतीय सैन्याचे तोफखाना केंद्र आहे. अवजड तोफेस जे तत्त्व लागू पडते, तेच खांद्यावरच्या रायफलीसही लागू पडते.

प्रत्यक्ष कृती

आपल्याकडे परवानाधारकांजवळ बहुधा इच्छापूर कारखान्यातील ३१५ बोअरची रायफल आढळते. तिचा बोल्ट मागून काढता येत असल्याने ही जुळणी विशेष साधनाविना करता येते.

सर्वप्रथम रायफल रिकामी करावी. मॅगझीन काढावे, बोल्ट उघडून काडतुसाचे घर डोळ्यांनी व बोटाने तपासावे आणि सर्व काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत. मग बोल्ट काढून सुरक्षित जागी ठेवावा. बोल्ट त्या-त्या रायफलीच्या मापाने बसविलेला असतो. एकाचा बोल्ट दुसऱ्या रायफलीस लावू नये. नळीतील तेल व धूळ पुसून घ्यावी आणि दुर्बिणीच्या पट्ट्यांचे स्क्रू घट्ट आहेत ना, हे पाहावे. सैल पट्टीवर केलेली जुळणी पहिल्याच धक्क्याने नाहीशी होते.

नंतर रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवावी. पंचवीस मीटरवर पांढऱ्या कागदावर सुमारे दहा सेंटिमीटर व्यासाचे काळे वर्तुळ चिकटवावे. मागून नळीतून पाहिले असता तिच्या पुढील टोकाचे गोल तोंड दिसते. त्या गोलाच्या बरोबर मध्यभागी काळे वर्तुळ येईल, अशी रायफल पिशव्यांवर हळूहळू सरकवावी. एकदा ती जागी बसली, की तिला धक्का लागू देऊ नये.

आता मान वर करून दुर्बिणीतून पाहावे. दुर्बिणीतील फुली वर्तुळापासून बाजूस पडलेली आढळेल. रायफल न हलविता, केवळ दुर्बिणीचे फिरते खटके वापरून फुली वर्तुळाच्या मध्यावर आणावी. येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. खटक्यावरील बाण गोळी कोणीकडे सरकेल, हे दाखवितो, फुली कोणीकडे सरकेल हे नव्हे. फुली वर्तुळाच्या उजवीकडे दिसत असेल, तर खटका ‘उजवीकडे’ या बाणाच्या दिशेनेच फिरवावा, म्हणजे फुली डावीकडे सरकते. फुली वर असेल, तर ‘वर’ या दिशेने फिरवावा. जुळणी झाल्यावर पुन्हा एकदा नळीतून पाहून वर्तुळ मध्यातून ढळले नाही, याची खात्री करावी.

दुर्बीण नसलेल्या रायफलीत हीच तपासणी खाच व माशी यांवरून करता येते. गोळी उजवीकडे न्यावयाची असेल, तर माशी डावीकडे सरकवावी लागते. हे काम परवानाधारक शस्त्रकारागिराकडूनच करून घ्यावे.

ज्या रायफलीत मागून पाहता येत नाही, तिच्यासाठी नळीच्या तोंडाशी बसविण्याचे कॉलिमेटर किंवा काडतुसाच्या आकाराचे लेझर उपकरण मिळते. त्याविषयी एकच नियम लक्षात ठेवावा: बार काढण्यापूर्वी ते उपकरण नळीतून काढलेच पाहिजे. नळीत अडथळा असताना बार काढल्यास नळी फुटते आणि प्राणावर बेतते.

पंचवीस मीटरच का?

गोळी नळीबाहेर पडताक्षणी पृथ्वीच्या आकर्षणाने खाली येऊ लागते. एक दशांश सेकंदात ती जवळजवळ पाच सेंटिमीटर उतरते. गोळीचा सरासरी वेग सेकंदाला सहाशे मीटर धरला, तर पंचवीस मीटरवर ती एक सेंटिमीटरहूनही कमी आणि शंभर मीटरवर सुमारे साडेतेरा सेंटिमीटर उतरते. चार सेंटिमीटर अंतरावरील दोन रेषा पंचवीस मीटरवर एकमेकींस छेदत असतील, तर शंभर मीटरवर नळीची रेषा दृष्टीच्या रेषेच्या बारा सेंटिमीटर वर असते. म्हणजे बारा वर आणि साडेतेरा खाली. गोळी लक्ष्याच्या दीड सेंटिमीटर खाली, अर्थात जवळजवळ नेमक्या ठिकाणी येते. पंचवीस मीटरवर केलेली काळजीपूर्वक जुळणी शंभर मीटरवरही उपयोगी पडते, ती या हिशेबामुळे.

शाळेतील शिक्षकांना हा हिशेब शस्त्राशिवायही समजावून देता येईल. पोकळ कागदी नळीवर दुसरी बारीक नळी किंचित तिरपी बांधून दोन्हींतून भिंतीवरील एकाच ठिपक्याकडे विद्यार्थ्यांना पाहू द्यावे. मग भिंतीपासून मागे सरकल्यावर दोन ठिपके कसे वेगळे होतात, ते दाखवावे. कोनाची लहानशी चूक अंतराबरोबर कशी वाढते, याचा तो बोलका धडा आहे.

मैदानावरील काम

ही जुळणी म्हणजे अंतिम नेम नव्हे. बार होताना नळी कंप पावते, दस्ता खांद्यावर धक्का देतो आणि प्रत्येक प्रकारच्या काडतुसाची चाल निराळी असते. म्हणून अधिकृत चांदमारीच्या मैदानावर प्रथम पंचवीस मीटरवर तीन गोळ्या शांतपणे झाडाव्यात. प्रत्येक गोळीनंतर खटके फिरवू नयेत. तिन्ही छिद्रांचा मध्य काढून त्यानुसार फरक करावा. बहुतेक दुर्बिणींत एका खटक्याने गोळी शंभर मीटरवर सुमारे सात मिलिमीटर, तर पंचवीस मीटरवर दोन मिलिमीटरांहून किंचित कमी सरकते. त्यानंतर नळी निवू देऊन शंभर मीटरवर पुन्हा तीन गोळ्या झाडाव्यात. प्रत्यक्ष कामात जी काडतुसे वापरावयाची, त्याच काडतुसांनी ही चाचणी घ्यावी.

कायद्याची चौकट

नळीतून नेमजुळणी बंद आवारात, भिंतीसमोर करावी. गच्चीवरून शेजाऱ्याच्या टाकीवर किंवा रस्त्यावरील खांबावर रायफल रोखणे गैर आहे, मग ती रिकामी का असेना. रायफल नेताना रिकामी व झाकलेल्या पेटीत असावी. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीस सामान्यतः दोनच शस्त्रे बाळगता येतात. त्याच दुरुस्तीने आनंदोत्सवात बेपर्वाईने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे दंडनीय ठरविले असून, त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वन विभागाच्या लेखी परवानगीवाचून रानडुकरावरही गोळी झाडणे हा गुन्हा आहे, शेत स्वतःचे असले तरीही.

पिकाचे नुकसान झाल्यास शेतकरी बंधूंनी प्रथम वनाधिकाऱ्यांकडे तक्रार नोंदवावी आणि पंचनामा करून घ्यावा. परवानगी मिळून नेमबाज गावात आल्यास, त्याने रायफलीची चांदमारी केव्हा केली आहे, असे त्यास अवश्य विचारावे. जबाबदार नेमबाजास या प्रश्नाचा राग येणार नाही. तो तारीख सांगेल आणि छिद्रे पडलेला कागदही दाखवील.