एका इंचाची दुरुस्ती

17 एप्रिल 1964 रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्ड कंपनीने 'मस्टँग' ही मोटार लोकांपुढे आणली आणि वर्षभरात चार लाखांहून अधिक ग्राहकांनी ती उचलली. परंतु लांब नाकाच्या आणि आखूड पाठीच्या त्या डौलदार देहाखाली 'फाल्कन' नावाच्या एका काटकसरी कौटुंबिक गाडीची हाडे होती. त्याच हाडांवर पुढे 4.7 लिटरचे, आठ सिलिंडरांचे वजनदार इंजिन चढले, अश्वशक्ती वाढली, वेग वाढला, आणि पुढची चाके मात्र पूर्वीच्याच आधारावर उभी राहिली. अमेरिकेत आजही ज्यांनी 1965 किंवा 1966 सालची मस्टँग जिवापाड जपली आहे, त्यांना वळणावर जी काळजी वाटते तिचे मूळ या विसंगतीत आहे.

या गाडीचे प्रत्येक पुढचे चाक एक वरचा आणि एक खालचा अशा दोन आडव्या भुजांनी धरलेले असते. त्यांना कारागीर 'कंट्रोल आर्म' म्हणतात. बहुतेक गाड्यांत स्प्रिंग खालच्या भुजेवर टेकते. मस्टँगमध्ये ती वरच्या भुजेवर, इंजिनाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या पोलादी पत्र्याच्या 'शॉक टॉवर'मध्ये बसविलेली आहे. गाडी वेगाने वळू लागली की तिचा देह बाहेरच्या बाजूस झुकतो, आणि भुजांची मूळ मांडणी अशी, की त्याबरोबर बाहेरच्या चाकाचा माथाही बाहेर कलतो. परिणामी ज्या टायरवर त्या क्षणी सर्वाधिक भार असतो, तोच केवळ आपल्या बाहेरच्या कडेवर रस्ता धरू पाहतो, आणि चालकाने स्टीअरिंग कितीही फिरवले तरी गाडीचे नाक सरळ जाण्याचा हट्ट सोडत नाही.

फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांनी या दुखण्यावर जो इलाज सुचविला, तो मला यंत्रविद्येतील विवेकाचा एक उत्तम नमुना वाटतो. वरच्या भुजेचे आतले टोक ज्या दोन बोल्टांनी टॉवरला जखडलेले असते, त्या बोल्टांची भोके त्यांनी एक इंच खाली घेतली. बाकी काही नाही. आतले टोक खाली गेले की भुजा बाहेरच्या बाजूस चढती होते, आणि चाक वर उचलले जाताना तिचे बाहेरचे टोक चाकाचा माथा आत ओढते, म्हणजे देह बाहेर झुकला तरी टायर रस्त्यावर पुष्कळसा सपाट राहतो; शिवाय देहाचे झुकणेही कमी होते. शर्यतीच्या गाड्या घडविणारे कॅरल शेल्बी यांनी 1965 च्या आपल्या 'जीटी 350' या मस्टँगमध्ये ही तजवीज केली, जोडीला एक इंच जाडीचा अँटी-रोल बार घातला. खर्च वाचविण्यासाठी 1966 च्या बहुतेक जीटी 350 गाड्यांतून भोके खाली घेण्याची तजवीज वगळण्यात आली, हे मला आजही खटकते.

प्रत्यक्ष काम घाईचे नव्हे. गाडी मजबूत आधारावर उचलून, शॉक ॲब्सॉर्बर काढून, टॉवरच्या वरच्या तोंडातून कॉम्प्रेसर घालून स्प्रिंग आवळावी लागते, आणि तिच्यात शेकडो किलोंचा दाब कोंडलेला असल्यामुळे कच्चे हत्यार तेथे जिवावर बेतते. मग टॉवरच्या पत्र्यावर नमुना-पट्टी लावून नव्या भोकांचे मध्य पंचने टिपायचे, प्रथम बारीक आणि नंतर जाड ड्रिल चालवायचे. भुजेचा आस आणि टॉवर यांच्यामध्ये ज्या पातळ पत्र्याच्या शिम असतात, त्या कोणत्या बोल्टावर किती होत्या याची नोंद अगोदरच करून ठेवावी. कारण चाकाचा कल त्यांच्यावरच ठरतो. इंचाहून फार जास्त खाली जाण्याचा मोहही आवरावा, नाहीतर भुजेच्या टोकाचा बॉल जॉइंट आपल्या मर्यादेला जाऊन अडकतो.

स्टीअरिंगची कथा निराळी आहे. मूळच्या साध्या, बिनपॉवरच्या व्यवस्थेत चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेण्यास हाताने जवळजवळ पाच फेरे द्यावे लागत. शेल्बींनी पिटमन आर्म आणि आयडलर आर्म हे दुवे लांब करून उत्तर जलद केले, परंतु त्याची किंमत मनगटांनी मोजली. आज अनेक जण टॉवर कापून टाकून 1974 च्या 'मस्टँग टू'च्या धर्तीची भुजा-रचना आणि रॅक-अँड-पिनियन बसवितात. इंजिनाभोवती जागा होते, हात हलका होतो. परंतु रॅकची टोके भुजांच्या कमानीशी जुळली नाहीत, तर प्रत्येक खड्ड्यावर चाके आपण होऊन थोडी वळतात, आणि सरळ रस्त्यावरही चालकाला सारखे सावरत राहावे लागते. शिवाय कापलेले टॉवर गाडीच्या पुढच्या भागाचा कणा होते. त्यांचा भार वाहणारी दुसरी भक्कम तरतूद झाल्यावाचून कात्री चालविणे मला गैर वाटते.

म्हणून माझी शिफारस आर्निंग यांच्या इलाजापासून सुरुवात करण्याची आहे: प्रथम भोके, झिजलेले रबरी बुश आणि बॉल जॉइंट, मग अलाइनमेंट. जुन्या कोष्टकातील आकडे त्या काळच्या बायस-प्लाय टायरांसाठी होते. आजच्या रेडियलला माथा अर्धा अंश आत आणि कास्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळते त्याच्या माथ्याचा कल, दोन-तीन अंश मागचा दिला, तर वळणानंतर चाके स्वतःहून सरळ येतात. एवढे झाल्यावर स्टीअरिंग जड वाटले, तरच नवा रॅक विकत घेण्याचा विचार करावा.