विहिरीच्या पाण्यातील जीवाणूंची मोजणी

पेडणे व डिचोली तालुक्यांत नळाचे पाणी आले असले, तरी अनेक घरांच्या परसात विहीर आहे. पहिल्या पावसात भोवतालची घाण तीत झिरपते. पाणी मात्र नितळच दिसते. म्हणून त्याची परीक्षा डोळ्यांवर सोपविता येत नाही.

जीवाणू एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढतात. पोषक द्रवात, ३७ अंश सेल्सिअस तपमानात, आतड्यातील एशेरिशिया कोलाय हा जीवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. या वेगाने ७ तासांत एकाचे वीस लाखांहून अधिक होतील. अन्न सरले की वाढ थांबते. द्रवाचा गढूळपणा प्रकाशाच्या साहाय्याने मोजता येतो, परंतु त्यात मृत व जिवंत सारखेच धरले जातात. अगरच्या बशीवर केवळ जिवंत पेशींच्याच वसाहती उठतात.

विहिरीच्या पाण्यासाठी निराळी रीत आहे. पाण्याचे कमीअधिक भाग मॅकॉन्की द्रवाच्या नळ्यांत घालून ४८ तासांपर्यंत ठेवतात. किती नळ्यांत आम्ल व वायू झाला, त्यावरून कोष्टकात संख्या पाहतात. ती संख्या अदमासाची होय, हे अहवाल वाचताना बहुधा विसरले जाते. १०० मिलिलिटर पाण्यात कोलाय मुळीच आढळू नये, असे भारतीय मानक सांगते.

नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. अन्यथा वाटेतच संख्या घटते वा वाढते. चांदेलसारख्या केंद्रातून येणाऱ्या नळाच्या पाण्यासाठी बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घालावे लागते, कारण उरलेले क्लोरीन प्रवासातही जीवाणू मारीत राहते.