जकात नाक्यावरचा विसरभोळा

ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ची सुरुवात सिनेमावेड्यांना तोंडपाठ असते. डिकीत बॉम्ब, गाडीवरून तरंगत जाणारी क्रेन, एकही कट नाही आणि तीनेक मिनिटांनी सीमेपलीकडे धडाका. आता पडद्यामागचं.

वेल्सला युनिव्हर्सल स्टुडिओनं घेतलं होतं ते फक्त नट म्हणून. नायक चार्ल्टन हेस्टननं सुचवलं, दिग्दर्शनही त्यालाच द्या की! दिलं. मानधन तेवढं नटाचंच राहिलं.

पडद्यावरचं मेक्सिकन सरहद्दीचं गाव म्हणजे लॉस एंजेलिसमधलं व्हेनिस. 1957 सालची ती रात्र. गाडी, गर्दी, शेळ्यांचा कळप, नायक-नायिकेची चाल, सगळं क्रेनच्या तालावर बसलं. अडलं ते शेवटच्या माणसावर. जकात अधिकारी झालेला नट ऐन मोक्याला आपलं वाक्य विसरायचा. मग शेळ्यांसकट सगळी वरात पुन्हा पहिल्या जागी! शेवटी वेल्सनं त्याला सांगितलं, काहीही बोल, नुसते ओठ हलव, आवाज नंतर भरू. फक्त तोंड झाकून माफी मागत बसू नकोस. तोवर पहाट व्हायला आली होती. सिनेमात आहे तो त्या रात्रीचा शेवटचा टेक. मागचं आकाश नीट पाहा, उजाडताना दिसतं.

नायिका जॅनेट लीचा डावा हात तर चित्रीकरणाआधीच मोडलेला. प्लास्टर लपवत सिनेमाभर वावरली. रसिकांना तिचा डौल तेवढा दिसला.

एवढ्या उस्तवारीनंतर स्टुडिओनं काय करावं? त्याच सुरुवातीच्या शॉटवर श्रेयनामावली चिकटवली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत चढवलं. संगीत फक्कड आहे, पण बॉम्बवरची नजर हटते त्याचं काय? वेल्सला हवे होते क्लबांतून आणि गाडीच्या रेडिओतून एकमेकांत मिसळणारे आवाज. स्टुडिओनं सिनेमा कापल्यावर त्यानं 58 पानी टिपण पाठवलं. ते मनावर घेऊन वॉल्टर मर्चनं नवं संकलन केलं 1998 मध्ये, वेल्स जाऊन 13 वर्षं झाल्यावर. पाहायची तर तीच आवृत्ती पाहा.

1958 मध्ये मात्र हा सिनेमा लागला एका तिकिटात दोन खेळांतला दुय्यम म्हणून. मानाचा खेळ होता ‘द फीमेल अ‍ॅनिमल’. त्याचा दिग्दर्शक हॅरी केलर. वेल्सला बाजूला ठेवून ‘टच ऑफ ईव्हिल’चे जादा प्रसंग स्टुडिओनं ज्याच्याकडून चित्रित करून घेतले, तोही हाच. आणि दोन्ही सिनेमांचा कॅमेरामन एकच, रसेल मेटी.