विमानातले देव आणि पैठणचा कोकस

वेरूळचं कैलास लेणं माणसाच्या हातचं नव्हे, परग्रहवाल्यांनी कोरलंय, असं सांगणाऱ्या क्लिपा आता आमच्या हिमायतनगरातही मोबाईलवर येऊन धडकतात. या दाव्याचं मूळ मात्र निम्म्या शतकाहून जुनं आहे.

१९६८ मध्ये स्विस लेखक एरिक फॉन डॅनिकेन यांचं देवांच्या रथांबद्दलचं पुस्तक गाजलं. त्यावरचा जर्मन माहितीपट १९७० मध्ये आला आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. १९७३ मध्ये त्याचीच बदललेली आवृत्ती अमेरिकन टीव्हीवर झळकली. इजिप्त, पेरू, ईस्टर बेट असा कॅमेरा जगभर हिंडला. म्हणायला विविधता भरपूर. पण तिथली माणसं उरली चौकटीत रंग भरण्यापुरती. अर्थ लावणारा आवाज युरोपचाच. ईस्टर बेटावरचे अजस्र पुतळे उभे कोण करणार, असं कोडं घातलं गेलं. ते बेटावरच्या पेद्रो आतान यांनी दशकभर आधीच सोडवलं होतं. नॉर्वेजियन संशोधक थोर हेयरडाल यांच्या मोहिमेत त्यांनी बारा माणसं, लाकडाचे दांडे आणि गोटे एवढ्यावर अठरा दिवसांत एक पुतळा उभा करून दाखवला होता.

१९७७ मध्ये बीबीसीच्या ‘होरायझन’नं डॅनिकेन यांचे दावे तपासले. डायनासोर कोरलेले पेरूतले ‘पुरातन’ दगड कसे बनतात, हे तिथल्या बासिलियो उशुया यांनी कॅमेऱ्यासमोर दगड कोरूनच दाखवलं. कारागिराला विचारलं, तर रहस्य फार वेळ टिकलं नाही.

पुढं २०१० पासून हिस्टरी चॅनलच्या मालिकेनं तोच धंदा नव्यानं मांडला आणि वेरूळही त्यात ओढलं गेलं. युरोपातलं स्टोनहेंजही या मंडळींच्या तावडीतून सुटलं नाही, हे खरं. पण तिथल्या भव्य चर्च-इमारतींचं श्रेय सहसा कुणी परग्रहाला देत नाही.

कैलासाची गोष्ट तर लिहूनच ठेवलेली आहे. राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगरात खंदक खणून मधला दगड सुटा केला आणि कळसापासून पायाकडं कोरत आणला. क्रमांक ३० चा ‘छोटा कैलास’ अर्धवटच राहिलाय; काम कसं चालायचं ते तिथं उघडं दिसतं. शके ७३४ च्या बडोदा ताम्रपटात तर विमानातून जाणारे देव हे मंदिर पाहून थक्क होतात आणि घडवणारा शिल्पीही ‘हे मी केलं कसं?’ म्हणून चकित होतो. म्हणजे विमानं आहेत, पण त्यात बसलेले नुसते प्रेक्षक! मराठी ‘कथाकल्पतरू’तल्या दंतकथेत तर कारागिराला नाव-गावही आहे: पैठणचा कोकस. मंदिर बांधून घेणाऱ्या राणीला कळस पाहिल्याशिवाय अन्न घ्यायचं नव्हतं, म्हणून त्यानं वरूनच सुरुवात केली.

अर्थात, नुसती गोऱ्यांच्या नावानं बोटं मोडून भागणार नाही. आमच्या भागाला जवळचं कोरीव लेणं माहूरचं. त्याला आपण बिनदिक्कत ‘पांडवलेणी’ म्हणतो आणि खऱ्या कोरणाऱ्यांना विसरून जातो. टाकी-हातोड्यावर पोट भरणारे वडार, पाथरवट मराठवाड्यात आजही आहेत. खडकाची नस कुठं, पाचर कुठं मारायची, हे त्यांना ठाऊक आहे. वेरूळवर पुढचा माहितीपट कुणी काढलाच, तर पहिली मुलाखत त्यांची घ्यावी.