नदीकाठची मोटार आणि रात्रीची धास्ती

पहाटे साडेपाचला मामाचा फोन आला की दोनच शक्यता असतात. एक तर बिबट्या दिसला, नाहीतर मोटार गेली. गेल्या हिवाळ्यात केबल गेली. नदीपासून स्टार्टरच्या पेटीपर्यंतची सगळी. पेटीत हातभर तुकडा तेवढा लोंबत होता. ऊस उभा, पाणी समोर आणि मधलं तांबं गायब!

मामाचं गाव भीमेकाठी. नदीच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. रांजणगाव सांडस आणि वाळकीच्या मध्ये मुळा-मुठा भीमेला मिळते, त्या पट्ट्यात गेलात तर काठावर ओळीने मोटारी दिसतील. पाणी ओसरलं की मोटार पुढे सरकवायची, पूर आला की रातोरात वर ओढायची. काही जण तर टिपाडांचा तराफा करून त्यावरच ती ठेवतात, अगदी बोटीसारखी. म्हणजे जी पक्की बांधून ठेवायला हवी, तीच पक्की बांधून चालत नाही. चोराला आणखी काय पाहिजे?

त्याला खरं तर मोटार नकोच असते. हवं असतं वाइंडिंगमधलं आणि केबलमधलं तांबं. प्लॅस्टिक जाळलं की उरते ती नुसती तार, आणि ती कुणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. रोहित्रातलं ऑइल सांडून कॉइल काढून नेतात, तेही याच तांब्यासाठी. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे लोखंडी ढापेसुद्धा सुटत नाहीत. पावसाळा संपताना ते बसवले तरच पाणी अडतं. ढापे गेले तर एका शेतकऱ्याचं नाही, अख्ख्या गावाचं पाणी वाहून जातं.

वेळ कोणती साधतात, हे ऐकून मी चाट पडले. थ्री फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री. वेळापत्रक गावात सगळ्यांना पाठ. लाइट नसली की केबल मेलेली, कापायला निर्धास्त. मोटार बंद का आहे, असा संशयही कुणाला येत नाही. आपला मोबाईलवर चालणारा ऑटो स्टार्टरही इथे फार उपयोगाचा नाही, कारण लाइट गेली आणि केबल कापली यातला फरक त्याला कळत नाही.

राखण करायची म्हटलं तर उसात बिबट्या. शिरूर तालुक्यात माणसांवर हल्ले झालेत, त्यामुळे रात्री नदीवर जायला घरचेच सोडत नाहीत.

माझ्या पॉलिटेक्निकवाल्या मामेभावाने मग एक जुगाड केला. केबलला चिकटवून एक बारीक तार नेली, तिच्यातून बारा व्होल्टच्या बॅटरीचा थोडा करंट सोडला. तार तुटली की रिले सुटतो आणि वस्तीवर सायरन वाजतो. पहिल्याच रात्री वाजला. काठ्या घेऊन पंधरा माणसं धावली, निघाली घूस! आता तार पाइपातून नेलीय. असं काही वाजलं की ग्रामसुरक्षा यंत्रणेचा नंबर फिरवायचा. एका कॉलवर गावातले नोंदवलेले सगळे फोन एकदम खणखणतात.

चोरी झालीच तर तक्रार देताना बहुतेक जण अडतात ते एकाच प्रश्नावर: मोटार तुमचीच कशावरून? म्हणून नंबर प्लेटचा आणि बिलाचा फोटो आजच काढून ठेवा. प्लेट चोर उचकटतो, तेव्हा बॉडीवर पंचने दोन ठिकाणी खूण ठोका, त्यातली एक सहज न दिसणारी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार तक्रार ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. आणि चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणारा भंगारवालाही सुटत नाही. न्याय संहितेच्या कलम 317 मध्ये त्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माझ्या मते पोलिसांनी नदीपेक्षा भंगाराच्या वजनकाट्यावर जास्त लक्ष ठेवावं.

मामाने या वेळी ॲल्युमिनियमची केबल टाकलीय. तेवढाच करंट न्यायला ती तांब्यापेक्षा जाड लागते, पण भंगारात भाव फारच कमी. मोटारीवर खूण म्हणून आजीच्या नावाची अक्षरं ठोकलीत. सातबारा तिच्याच नावावर आहे ना. लाइट आली की ती अजूनही पहिल्यांदा ओट्यावर येऊन नदीकडे कान लावते.